निर्धूम अग्नी आणि गृहस्थाचे उत्तरदायित्व

२०२० सालच्या जानेवारीत बोरिवलीतील एक शाळकरी मुलगी स्नानासाठी न्हाणीघरात गेली आणि घरच्यांनी तिला बाहेर काढले तेव्हा ती बेशुद्ध होती. पुढे रुग्णालयात तिचा अंत झाला. २०२३ च्या मार्चमध्ये, धुळवडीच्या सुमारास, घाटकोपर पूर्वेतील एका इमारतीत एक पती-पत्नी आपल्या राहत्या घराच्या न्हाणीघरात मृतावस्थेत आढळली. पहिल्या प्रसंगी गॅसवर चालणाऱ्या गीझरातून निघालेला विषारी वायू हे कारण सांगितले गेले. दुसऱ्या प्रसंगी पोलिसांचा प्राथमिक संशयही त्याच दिशेला गेला. अशा घटनेचा रीतसर पंचनामा होतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जबाब घेतले जातात, अकस्मात मृत्यूची नोंद होते, आणि घातपाताचा संशय नसल्यास दप्तर बंद होते. सरकारदरबारी प्रकरण तेथे निकालात निघाले तरी एक प्रश्न मागे उरतो, आणि तो कायद्याचा नसून धर्माचा आहे. जे डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, आणि ज्याची जाणीव होऊ लागते न लागते तोच जाणिवेची शक्तीच हरपते, अशा संकटाबद्दल माणसाला जबाबदार धरता येईल काय? अज्ञाताचे ओझे कोणाच्या खांद्यावर टाकणे न्याय्य आहे काय? माझ्या अल्प मतीप्रमाणे याचे उत्तर होकारार्थी आहे, आणि ते परक्या देशाच्या सुरक्षा-नियमांतून आणावे लागत नाही. आपल्या दर्शनकारांनी आणि धर्मशास्त्रकारांनी ते फार पूर्वी देऊन ठेवले आहे.

मुंबईच्या उपनगरांत थंडी अशी फारशी पडत नाही. खोली ऊबदार ठेवण्यासाठी येथे शेगडी पेटवावी लागत नाही. पण अंघोळीला कढत पाणी बहुतेकांना लागते, आणि म्हणून इकडच्या घरातील ऊब देणारा अग्नी न्हाणीघरात येऊन राहिला आहे. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी येथे चाळी आणि बैठी घरे होती त्या काळी हा अग्नी तांब्याच्या बंबात असे. मधल्या नळीत लाकडाच्या ढलप्या किंवा कोळसे पेटत, खालच्या जाळीतून राख गळे, आणि वरून निघणारा धूर घरातल्या सर्वांच्या डोळ्यांना पाणी आणी. त्या धुराचा त्रास एवढा होता की बंब परसदारी किंवा गॅलरीत ठेवण्यावाचून गत्यंतर नसे. धुराला कंटाळूनच का होईना, माणसे अग्नीला मोकळ्या हवेत ठेवीत. जुने सगळेच निर्धोक होते असे मात्र नाही. बाळंतिणीच्या खोलीत वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या लावून घेत आणि खाटेखाली धगधगत्या निखाऱ्यांची शेगडी ठेवीत. त्या निखाऱ्यांना धूर नसे म्हणून ते निरुपद्रवी वाटत, आणि तेथेच भय होते. धुमसणाऱ्या लाकडाला माणूस सावध असे; धूर सरलेल्या लाल निखाऱ्याजवळ तो विसावे.

पुढे बंब अडगळीत गेला. गॅसची टाकी आली, आणि १९९५ साली महानगर गॅस कंपनी स्थापन झाल्यानंतर हळूहळू पाइपचा गॅस उपनगरांतील इमारतींत खेळू लागला. भिंतीवर टांगलेल्या लहानशा पेटीत नळ सोडताच ज्योत पेटते आणि क्षणात कढत पाणी येते, ही सोय खरोखरच मोठी आहे आणि तिची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. परंतु ही पेटी जेथे टांगली जाते ती जागा डोळ्यांपुढे आणावी. चार फूट रुंद, सहा फूट लांब, आठ फूट उंच असे न्हाणीघर; त्याला वरच्या बाजूस काचपट्ट्यांची एक हातभर खिडकी, ती इमारतीच्या आतल्या अंगाच्या डक्टमध्ये उघडणारी; कबुतरे येतात म्हणून तिला जाळी, डास येतात म्हणून जाळीवर प्लास्टिकचा कागद, समोरच्या घरातून दिसते म्हणून काचपट्ट्या कायमच्या मिटलेल्या; आणि दाराच्या खालची फट पाणी बाहेर जाऊ नये म्हणून उंबऱ्याने बुजवलेली. यांतील एकेक गोष्ट कोणीतरी समंजसपणे, घराच्या सोयीसाठीच केलेली असते. सगळ्या मिळून त्या खोलीला डबीसारखे बंद करून टाकतात.

आता या खोलीत काय घडते ते पाहू. पाइपच्या गॅसचा मुख्य घटक मिथेन, आणि त्याचा एक भाग पुरता जळण्यास सुमारे दहा भाग हवा लागते. मध्यम आकाराचा गीझर पूर्ण जोरावर चालला तर तासाला अकरा-बारा घनमीटर हवा खातो. वर वर्णिलेल्या न्हाणीघरात सगळी मिळून पाच-साडेपाच घनमीटर हवा असते. म्हणजे अर्ध्या तासाच्या ज्वलनाला जेवढी हवा लागावी तेवढीच तेथे आहे, आणि त्याच हवेवर स्नान करणाऱ्याला श्वासही घ्यावयाचा आहे. हवा पुरी पडते तोवर ज्योत निळी असते आणि तिच्यापासून कार्बन डायऑक्साइड व वाफ निघते. प्राणवायू उणा पडू लागला की ज्योत पिवळसर, लांबट, अस्थिर होते, ज्वलन अर्धवट राहते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निपजतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो डोळ्यांना झोंबत नाही की घशात खवखवत नाही. हवेच्या मानाने तो किंचित हलका, म्हणून खाली साचतही नाही आणि वर निघूनही जात नाही. सगळ्या खोलीत सारखा मिसळतो. गॅस गळला तर कळावे म्हणून गॅस कंपन्या त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य घालतात. पण ते द्रव्य ज्योतीत जळून जाते. गॅसचा वास येत नाही म्हणून सर्व ठीक आहे असे मानणारा गृहस्थ एका संकटाची खूण दुसऱ्या संकटासाठी वापरीत असतो.

हा वायू शरीरात काय करतो, हे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर उलगडले. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. कार्बन मोनॉक्साइडशी त्याची जवळीक प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक असते, म्हणून हवेत त्याचा अल्पसा अंश असला तरी तो हळूहळू रक्तातील जागा बळकावतो. हवेच्या हजार भागांत दीड भाग एवढा हा वायू एक-दोन तासांत प्राण घेऊ शकतो. शंभरात एक भाग झाला तर काही मिनिटेही पुरतात. इंग्लंडात जॉन स्कॉट हॉल्डेन याने १८९० नंतरच्या दशकात हा वायू स्वतः हुंगून, आपल्या शरीराची व बुद्धीची काय गत होते हे नोंदवून ठेवले, आणि खाणीत उतरणाऱ्यांनी बरोबर उंदीर किंवा कॅनरी पक्षी न्यावा, कारण त्या इवल्या जिवाला विष आधी बाधते, असा सल्ला दिला. ब्रिटिश कोळसाखाणींत ही चाल १९८६ पर्यंत होती. १९०२ साली पॅरिसमध्ये एमिल झोला हा थोर कादंबरीकार आपल्या शयनगृहात याच वायूने मेला. धुराडे तुंबले होते. २०२० च्या जानेवारीत नेपाळमधील दामन येथे केरळचे आठ प्रवासी, त्यांत चार मुले, एका खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले ते उठले नाहीत. विद्वान आणि बालक, पॅरिस आणि घाटकोपर, असा भेद हा वायू करीत नाही.

येथवर विज्ञान झाले. आता आपल्या तर्कशास्त्राकडे वळू, कारण अग्नी आणि धूर यांच्याइतका त्या शास्त्राचा आवडता विषय दुसरा नाही. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह, ज्याची आठल्ये यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १८९७ साली मुंबईतच निघाली, हाती घेणारा प्रत्येक विद्यार्थी पर्वतावरच्या धुरावरून अग्नीचे अनुमान करावयास शिकतो, आणि त्या अनुमानाला दाखला म्हणून दिलेला असतो तो स्वयंपाकघराचाच: जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, जसा पाकशाळेत. पण नैयायिक तेथेच थांबत नाहीत. याच्या उलट, जेथे जेथे अग्नी तेथे तेथे धूर, असे म्हणता येईल काय? नाही, असे ते बजावतात, आणि तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचे उदाहरण पुढे करतात. त्यात अग्नी आहे, धूर नाही. कारण धूर हा केवळ अग्नीचा धर्म नसून ओल्या इंधनाशी त्याचा संयोग झाला तरच उद्भवतो. आपल्या न्हाणीघरातील निळी ज्योत ही त्या तप्त गोळ्याच्याच जातीची आहे. पिढ्यान्‌पिढ्या धुरावरून अग्नीचे भय ओळखण्याची सवय लागलेले आपले मन धूर नाही म्हणून भय नाही असे अनुमान करते, आणि हे अनुमान सदोष आहे हे शतकांपूर्वी लिहून ठेवलेले असूनही आपण ते रोज सकाळी करतो.

मीमांसकांनी आणि वेदान्त्यांनी याहून सूक्ष्म विचार केला आहे. भाट्ट मीमांसक व अद्वैती अनुपलब्धी, म्हणजे एखादी वस्तू न आढळणे, हे त्या वस्तूच्या अभावाचे स्वतंत्र प्रमाण मानतात. पण त्याला एक अट घालतात. वस्तू अशी पाहिजे की ती तेथे असती तर आढळलीच असती. लख्ख उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही तर घडा नाही असे म्हणता येते; अंधाऱ्या खोलीत तोच घडा दिसला नाही म्हणून तो नाही असे म्हणणे प्रमाणशून्य होय. आणि जी वस्तू मुळातच इंद्रियांना अगोचर आहे, तिच्या न आढळण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पुण्य-पाप दिसत नाही, एवढ्यावरून ते नाही असे ठरत नाही, हे उदाहरण वेदान्तपरिभाषाकारांनी दिले आहे. या अटीचे महत्त्व मला वाढत्या वयाबरोबर अधिकाधिक पटत गेले आहे. आपल्या दैनंदिन निश्चिंतीचा केवढा तरी भाग अशा अपात्र अनुपलब्धीवर उभा असतो! आजवर काही झाले नाही, वास आला नाही, कोणाला त्रास झाला नाही, ही सर्व वाक्ये अंधाऱ्या खोलीतील घड्यासंबंधीची वाक्ये आहेत.

ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत असलेली वस्तू का दिसत नाही याची आठ कारणे सांगितली आहेत, आणि त्यांतील तीन येथे तंतोतंत लागू पडतात. पहिले सूक्ष्मता, वायूचे कण इंद्रियांच्या आवाक्याबाहेरचे. दुसरे सजातीयांत मिसळून जाणे. हवेत हवेसारखीच वस्तू मिसळली तर निराळी कशी उमगावी? तिसरे कारण सर्वांत गंभीर, ते म्हणजे मनाचे ठिकाणावर नसणे. या वायूचा पहिला घाव मेंदूवर पडतो. डोके जड होते, भोवळ येते, मळमळते, हातापायांतील बळ जाते. आणि हे काहीतरी विपरीत आहे, दार उघडून बाहेर पडावे, असा निर्णय करणारी बुद्धीच सर्वांआधी मंदावते. अन्य संकटांत ज्ञेय वस्तू लपलेली असते. येथे ज्ञाताच हळूहळू विझत जातो. बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजण्याचे जे छोटे यंत्र हल्ली घरोघर असते तेही येथे फसते, कारण विषाने व्यापलेले रक्त त्याला निरोगी रक्तासारखेच भासते. याचा निष्कर्ष एवढाच निघतो की या संकटाचे ज्ञान संकटाच्या वेळी होणे शक्य नाही. ते आधी, स्वस्थ चित्ताने, विचाराच्या बळावर करून ठेवलेले असले पाहिजे. सावधपणा हा येथे स्वभावाचा गुण राहत नाही, ज्ञानाचा एकमेव मार्ग होतो.

यावर आपल्या समाजाचा जो सर्वांत जुना आणि सर्वांत प्रामाणिक आक्षेप आहे त्याची उपेक्षा करून चालणार नाही. देव तारी त्याला कोण मारी. वेळ आली की निमित्त काहीही पुरते. आयुष्याची दोरी असेल तेवढेच जगणे. ज्या आजीबाई हे बोलतात त्यांची श्रद्धा पोकळ नसते, आणि मरण पाहिलेल्या माणसाच्या तोंडी या वाक्यांना वजनही असते. परंतु दैवाला धर्मग्रंथांनी नेमके कोणते स्थान दिले आहे हे पाहणे अगत्याचे आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या हालचाली, आणि पाचवे दैव. दैव नाकारलेले नाही. पण ते पाचवे आहे. आधीची चार तपासून पाहावी, त्यांत जे आपल्या हातचे आहे ते करावे, आणि मग जे उरेल त्याला दैव म्हणावे, असा या क्रमाचा माझ्या मते आशय आहे. न्हाणीघर हे अधिष्ठान. त्याला हवा येण्या-जाण्याची वाट आहे काय? ज्याने गीझर बसवला आणि जो तो वापरतो ते कर्ते. त्यांना ज्ञान आहे काय? गीझर, नळी, धुराडे ही साधने. ती कोणी आणि केव्हा तपासली? खिडकी मिटणे, पाणी तासभर सोडून ठेवणे, एकापाठोपाठ एक चौघांनी स्नान करणे या हालचाली. त्यांना काही मर्यादा आहे काय? या चारांकडे पाठ फिरवून एकदम पाचव्याचे नाव घेणे ही भक्ती नव्हे, तो आळस आहे, आणि देवाच्या नावावर खपवलेला असल्याने तो इतर आळसांहून अधिक निंद्य आहे. योगवासिष्ठात तर दैव म्हणजे पूर्वीच्या पुरुषार्थाचेच फळ असे निक्षून सांगितले आहे, आणि समर्थ रामदासांनी प्रयत्नालाच देव मानावयास शिकवले. काल मिटलेली खिडकी हेच आजचे दैव होऊन बसते.

त्याच अध्यायात पुढे, पाच कारणे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो तोही नीट पाहत नाही, असेही म्हटले आहे, आणि दोष शोधू पाहणाऱ्याने ते विसरू नये. एखाद्या घरात अनर्थ घडल्यावर, तुम्ही खिडकी का उघडली नाही, असे त्या घरच्यांना विचारणे क्रूरपणाचे आहे आणि तत्त्वतः चुकीचेही. बांधणाऱ्याने न्हाणीघर तेवढेच ठेवले, विकणाऱ्याने सांगितले नाही, बसवणाऱ्याने विचारले नाही, शेजाऱ्याने पाहिले नाही; एका माणसावर सारा भार टाकण्याजोगे हे कर्मच नव्हे. शोकात असलेल्याला दैवाचा आधार घेऊ द्यावा. तो आधार त्याच्यासाठीच आहे. मागे वळून पाहताना दैव हे सांत्वन असते. पुढे पाहताना मात्र तेच दैव सबब होते, आणि या दोहोंतील अंतर ओळखणे हा विवेक होय.

हिंसेचा विचार आपल्या परंपरांनी किती खोलवर नेला आहे हे पाहिले म्हणजे हा विवेक किती जुना आहे ते कळते. घाटकोपर आणि मुलुंड येथे जैन बांधवांची वस्ती मोठी आहे. त्यांच्या परंपरेतील उमास्वातीच्या तत्त्वार्थसूत्रात, प्रमादयुक्त वर्तनामुळे प्राणांचा वियोग घडणे ही हिंसा, अशी व्याख्या केली आहे. तीत द्वेषाची अट नाही, हेतूची अट नाही. बेसावधपणा पुरेसा आहे. पाऊल टाकताना, वस्तू उचलता-ठेवताना दक्ष राहण्याचे जे नियम जैन साधू पाळतात ते या व्याख्येतून निघतात. धम्मपदाचा एक संपूर्ण वर्ग अप्रमादाला वाहिलेला आहे. ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे वर्णन करताना, अहिंसक पुरुष भूमीवर पाऊल कसे ठेवतो येथपासून त्याच्या दृष्टीपर्यंत विस्तार केला आहे. अहिंसा म्हणजे शस्त्र खाली ठेवणे इतकाच अर्थ त्यांना अभिप्रेत असता तर एवढ्या विस्ताराची गरज नव्हती.

आणि गृहस्थासाठी तर याहून थेट वचन आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरी जीवहिंसा घडण्याची पाच ठिकाणे मोजली आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. त्यांत चुलीचे नाव पहिले आहे. या पाच ठिकाणी नकळत जे जीव मरतात त्यांच्या निष्कृतीसाठी पंचमहायज्ञांचे विधान सांगितले आहे. मनुस्मृतीतील अनेक वचने आज त्याज्य आहेत आणि ती टाकून देणेच धर्म्य आहे. परंतु या एका विचाराचे मोल मला मोठे वाटते. रोजच्या, निर्दोष दिसणाऱ्या, घर चालवण्यासाठी अपरिहार्य अशा साधनांतच घात दडलेला असतो, तो नकळत घडतो, आणि नकळत घडला म्हणून गृहस्थ त्यातून मुक्त होत नाही, हे त्या विचाराचे सार. चुलीखाली सापडणाऱ्या कीटकांची चिंता वाहणाऱ्या परंपरेच्या वारसांना चुलीपुढे बसणाऱ्या माणसाची चिंता वाहणे जड का जावे?

तेव्हा प्रश्न उरतो तो आचाराचा. ज्या गीझराला वर धुराडे आहे त्याची परीक्षा अनुभवी कारागीर अशी करतो. घराची दारे-खिडक्या लावून घेतो, स्वयंपाकघरातील हवा बाहेर फेकणारा पंखा चालू करतो, कारण तो पंखाच कित्येकदा धुराड्यातील वायू उलटा घरात ओढतो. मग गीझर दहा मिनिटे पेटता ठेवून, धुराड्याच्या तोंडाशी जेथे मोकळी कड असते तेथे एक पेटलेली उदबत्ती धरतो. उदबत्तीची धूम्ररेषा सरळ आत ओढली गेली तर वायू बाहेर जात आहे. ती थरथरून मागे वळली, खोलीत पसरली, तर तो घरात येत आहे, आणि त्या क्षणी गीझर बंद करून दुरुस्तीवाचून पुन्हा न पेटवणे हेच योग्य. देवापुढे लावावयाच्या उदबत्तीचा धूर अदृश्य वायूची वाट दाखवतो. अनुमानाला लागणारे चिन्ह निसर्गाने दिले नाही तेथे ते आपल्याला निर्माण करावे लागते. मात्र न जळलेला गॅस नळीच्या सांध्यातून गळतो की काय हे पाहण्यासाठी उदबत्ती किंवा काडी कधीही नेऊ नये; तेथे साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात काय ते पाहावे.

ज्या लहान गीझराला धुराडेच नाही त्याची जागा न्हाणीघरात नाही. तो उघड्या बाल्कनीत असावा आणि पाणी तेवढे नळाने आत यावे. ज्योत निळी आहे की पिवळी, पेटीच्या झाकणावर काजळी धरली आहे काय, याकडे आठवड्यातून एकदा तरी लक्ष जावे. वर्षातून एकदा जाणत्या माणसाकडून जाळी साफ करून घ्यावी. खिडकीच्या दोन काचपट्ट्या तरी कायमच्या उघड्या ठेवाव्या. आणि न्हाणीघराची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी असावी. या साऱ्या परीक्षा त्या त्या दिवसापुरत्या खऱ्या असतात. उद्या वारा फिरला, कबुतराने धुराड्यात घरटे केले, तर आजचा निर्वाळा उद्या उपयोगाचा नाही. म्हणून इंद्रियांना जे अगोचर त्यासाठी स्वतंत्र इंद्रियच घरात बसवावे. कार्बन मोनॉक्साइड ओळखून घंटा वाजवणारे छोटे यंत्र आता मिळते. त्यातील संवेदक काही वर्षांनी निकामी होतो, तेव्हा ते मुदतीत बदलावे लागते. अमेरिका-कॅनडात घर थाटलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना, जेथे तळघरातील भट्टी हिवाळाभर घर तापवते, हे यंत्र परिचयाचे आहे. अंधेरीत त्याचे नावही अनेकांनी ऐकलेले नाही. आणि घरात एकाच वेळी दोघा-तिघांचे डोके दुखू लागले, बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर ते अपचन किंवा उपवासाचा शीण समजू नये. गॅस बंद करावा, दारे उघडावी, सर्वांनी बाहेर पडावे, एकशे आठ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि संशय कशाचा आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

शेवटी ज्यांचे घर स्वतःचे नाही त्यांच्याविषयी दोन शब्द. उपनगरांतील असंख्य सदनिकांत भाडेकरू राहतात. नोकरी-शिक्षणासाठी आलेली मुले-मुली चौघेचौघे मिळून एक घर घेतात. भिंतीवर टांगलेला गीझर त्यांनी निवडलेला नसतो, तो कोणत्या साली बसवला हे त्यांना ठाऊक नसते, आणि भिंतीला भोक पाडण्याचा अधिकारही भाडेकराराने त्यांना नसतो. मालक परगावी, दलालाचा संबंध दलालीपुरता, सोसायटीच्या सभेत भाडेकरूला जागा नाही. ज्ञान एकाकडे, अधिकार दुसऱ्याकडे आणि संकट तिसऱ्याकडे, अशी ही विभागणी आहे, आणि अन्यायाचे मूळ बहुधा अशाच विभागणीत असते. आपल्या छपराखाली जो राहतो, मग तो अतिथी म्हणून असो की भाडे देऊन, त्याच्या प्राणांचे रक्षण गृहस्थावर आहे. भाडे घेतल्याने ते ऋण फिटत नाही, उलट लेखी होते. म्हणून घरमालकाने किल्ली हवाली करण्यापूर्वी गीझर तपासून घ्यावा आणि तपासल्याची तारीख करारनाम्यात लिहावी. सोसायटीने वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीच्या साफसफाईबरोबर प्रत्येक घरातील गॅसच्या उपकरणांची तपासणी हा विषयही मंजूर करावा, आणि डक्ट कोणी बुजवला असल्यास तो खुला करवून घ्यावा. यात मोठा खर्च नाही, विद्वत्ता लागत नाही. लागते ते एवढेच की दुसऱ्याच्या श्वासाची काळजी आपल्याकडे आहे असे मानणे. ज्याला हे मान्य आहे त्याने येत्या रविवारी, पूजा आटोपल्यावर, न्हाणीघराची ती मिटलेली खिडकी स्वतःच्या हाताने उघडावी; तेही त्या दिवसाच्या उपासनेत जमा होईल अशी माझी निष्ठा आहे.